मॉर्निंग्टनचा अर्ल कोण? वेलस्ली घराण्याच्या किताबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत 'तैनाती फौज' पाठ केलेल्या प्रत्येकाला वेलस्ली हे नाव ठाऊक असतं. ते घराणं आयर्लंडचं, डब्लिनच्या वायव्येकडच्या मीथ काउंटीतलं, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. त्यांच्याकडे 'अर्ल ऑफ मॉर्निंग्टन' हा वंशपरंपरागत किताब १७६० पासून चालत आला आहे. तो कोणाकडून कोणाकडे गेला, का गेला, आणि ज्यांना मिळायला हवा असं आपल्याला वाटतं त्यांना का मिळाला नाही, यावर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

इतिहासाच्या पुस्तकात कधी लॉर्ड मॉर्निंग्टन भेटतो, कधी लॉर्ड वेलस्ली. ही दोन माणसं का?

माणूस एकच. रिचर्ड वेलस्ली १७९८ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला आला तेव्हा तो मॉर्निंग्टनचा दुसरा अर्ल होता. मे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, टिपू सुलतान मारला गेला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात रिचर्डला 'मार्क्वेस वेलस्ली' हा वरचा किताब मिळाला. माणसाला त्याच्या सगळ्यात वरच्या किताबानं ओळखायचं, अशी तिथली रीत. त्यामुळे टिपूवरच्या मोहिमेची पत्रं मॉर्निंग्टनच्या सहीची, आणि दुसऱ्या बाजीरावाशी ३१ डिसेंबर १८०२ ला झालेला वसईचा तह लॉर्ड वेलस्लीच्या कारकिर्दीतला.

खरा घोटाळा होतो तो दोन भावांत. १८०३ मध्ये नगरचा किल्ला घेणारा, असई, अडगाव आणि गाविलगडला शिंदे-भोसल्यांशी लढणारा तो रिचर्डचा धाकटा भाऊ आर्थर. पुढे १८१४ मध्ये तो वेलिंग्टनचा ड्यूक झाला, म्हणजे सरदारांतल्या सगळ्यात वरच्या पायरीवर गेला, आणि पुढच्याच वर्षी त्यानं वॉटर्लू जिंकलं. नुसतं 'वेलस्ली' असं लिहिलेलं दिसलं की आधी साल आणि जागा बघावी, म्हणजे भाऊ ओळखू येतो.

मार्क्वेस म्हणजे बढतीच. मग रिचर्ड त्यावर नाराज का होता?

कारण तो किताब आयरिश होता. इंग्लंडच्या आणि आयर्लंडच्या सरदारांच्या याद्या वेगळ्या होत्या. आयरिश सरदार बसायचे डब्लिनच्या सभागृहात, आणि लंडनमध्ये त्यांचा तोरा कमी मानला जाई. रिचर्डकडे लंडनच्या सभागृहात बसण्यापुरता एक ब्रिटिश किताब होता, पण तो बॅरनचा, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचा. म्हैसूरचं राज्य पाडल्यावर त्याला ब्रिटिश मार्क्वेसपदाची आस होती. हाती आला आयरिश. तेव्हा त्यानं या बहुमानाला 'सोन्याचा दुहेरी मुलामा दिलेला बटाटा' म्हटलं. आयर्लंड म्हणजे बटाटा, हे तेव्हाही समीकरण होतं; आणि म्हणणारा स्वतः मीथच्या जमीनदार घराण्यातला होता हे विसरू नये.

१ जानेवारी १८०१ ला दोन्ही राज्यं एक झाली आणि डब्लिनचं सभागृह बंद पडलं. त्यानंतर सगळ्या आयरिश सरदारांनी मिळून आपल्यातले २८ जण तहहयात निवडायचे आणि तेवढ्यांनीच लंडनला बसायचं, अशी सोय झाली. ही निवडणूक शेवटची झाली १९१९ मध्ये. तशा निवडलेल्यांतला शेवटचा सरदार १९६१ मध्ये वारला.

किताबाचा वारस ठरतो कसा? मृत्युपत्रानं?

मृत्युपत्राचा इथे काडीचा संबंध नाही. किताब ठरतो सनदेनं. राजाच्या नावानं निघालेलं चर्मपत्र, त्याला लोंबणारी तळहाताहून मोठी मेणाची मोहर, आणि मजकुरात एक ओळ: हा किताब अमक्याला आणि 'त्याच्या देहापासून झालेल्या पुरुष वारसांना'. त्या एका ओळीवर पुढच्या दोनशे-तीनशे वर्षांचा निकाल लागतो.

तिचा अर्थ असा. ज्याच्या नावानं सनद निघाली तो मूळ पुरुष. वारस त्याच्या रक्ताचा हवा, औरस हवा, आणि बापाकडून मुलाकडे अशाच साखळीनं जोडलेला हवा. मध्ये एकही बाई चालत नाही. थोरली पाती आधी. ती पार खुंटली, तिच्यात एकही पुरुष उरला नाही, की मगच दुसरी पाती. वाटणी नाही, आवडनिवड नाही, लायकी तर नाहीच नाही. आपल्याकडे वतनाच्या वादात भाऊबंद वंशावळी काढून बसत, तशाच वंशावळी इथेही निघतात. फरक इतकाच की पाटीलकीत हिस्सा पडू शके, अर्लपण अखंड जातं.

सगळ्यात जास्त चुकतं ते 'मूळ पुरुष कोण' इथेच.

उदाहरण देऊन सांगाल का?

वेलस्लींइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडायचं नाही.

मॉर्निंग्टनच्या अर्लपणाची सनद १७६० ची, रिचर्डचा बाप गॅरेट याच्या नावाची. (हा गॅरेट मोठा रसिक माणूस. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचा पहिला संगीताचा प्राध्यापक. कर्जही बरंच करून ठेवलं.) त्याला मोठे झालेले पाच मुलगे: रिचर्ड, विल्यम, आर्थर, जेराल्ड आणि हेन्री. मार्क्वेसपणाची सनद मात्र १७९९ ची, एकट्या रिचर्डच्या नावाची.

सप्टेंबर १८४२ मध्ये रिचर्ड वारला. औरस मुलगा नाही. मार्क्वेसपणाचा मूळ पुरुष तोच, त्याच्या देहापासून पुरुष वारस नाही, तेव्हा तो किताब त्याच दिवशी संपला. अर्लपणाचा मूळ पुरुष बाप होता आणि बापाचे इतर मुलगे हयात होते, म्हणून ते दुसऱ्या मुलाकडे, विल्यमकडे गेलं. एकाच माणसाचे दोन किताब, एकाच दिवशी, एक मेला आणि एक चालू राहिला. त्या वेळी आर्थर, म्हणजे युरोपभर गाजलेला वेलिंग्टन, हयात होता. पण तो तिसरा. विल्यमची पाती असेपर्यंत त्याला हात लावता येत नव्हता. १८५२ मध्ये तो वारला तो बापाच्या अर्लपणाशिवाय.

पण रिचर्डला मुलं होती असं वाचलं आहे. खरं काय?

होती, पाच. ह्यासिंथ-गॅब्रिएल रोलां या फ्रेंच बाईपासून झालेली. पाचही मुलं झाल्यावर १७९४ मध्ये दोघांनी लग्न केलं. इंग्लंड-आयर्लंडच्या तेव्हाच्या कायद्यात आईबापांनी मागाहून लग्न केलं तरी आधीची मुलं औरस ठरत नसत. पुढे १९२६ मध्ये इंग्लंडनं कायदा बदलला, तेव्हाही किताब त्यातून वगळलेच.

या मुलांतल्या दोघांची नावं काकांचीच: जेराल्ड आणि हेन्री. जेराल्ड इंदूरला होळकर दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट होता. हेन्री पाद्री झाला आणि ऑक्सफर्डमध्ये एका संस्थेचा प्रमुख. बाप गेला तेव्हा तो धडधाकट होता. सख्खा मुलगा समोर असताना किताब काकाकडे गेला.

मुलींपैकी अ‍ॅनची गोष्ट तर आणखी मजेशीर. तिचं लग्न बेंटिंक घराण्यात झालं, आणि तिच्या मुलाच्या मुलीची मुलगी म्हणजे दुसऱ्या एलिझाबेथ राणीची आई. म्हणजे ज्या रक्ताला आयर्लंडातलं एक अर्लपण चाललं नाही, तेच आज ब्रिटनच्या सिंहासनावर आहे.

दत्तक घेतला असता तर?

चाललं नसतं, आजही चालत नाही. २००४ पासून सरदारांच्या दत्तक मुलांना नावापुढे मानाचं संबोधन लावता येतं, पण गादी नाही. मराठी वाचकाला हे वाचताना सातारा आठवल्याशिवाय राहत नाही. १८४८ मध्ये डलहौसीनं दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं, ते आपल्याला सरळ दरोडा वाटलं आणि होताही तो दरोडाच, कारण आपल्या धर्मशास्त्रात दत्तक हा मुलगाच. हे करणारे लोक स्वतः अशा व्यवस्थेत वाढले होते जिथे दत्तकाला कधी किताब मिळालाच नव्हता. यानं त्यांचं पाप कमी होत नाही.

या घराण्यातली आडनावं सारखी का बदलतात?

कारण आडनाव जमिनीबरोबर जातं, किताब रक्ताबरोबर. रिचर्ड-आर्थरचे आजोबा जन्मानं वेलस्ली नव्हतेच. ते कॉली. मीथमधल्या डँगनचे जमीनदार गॅरेट वेस्ली निपुत्रिक वारले आणि त्यांनी १७२८ मध्ये इस्टेट नात्यातल्या रिचर्ड कॉलीला दिली, आमचं नाव लाव या अटीवर. (त्याआधी ती इस्टेट मेथडिस्ट पंथातल्या चार्ल्स वेस्लीला देऊ केली होती आणि त्यानं नको म्हटलं, असं सांगतात. त्यानं हो म्हटलं असतं तर वसईचा तह कोणी केला असता, यावर गप्पा मारायला हरकत नाही.) हाच कॉलीचा वेस्ली १७४६ मध्ये बॅरन मॉर्निंग्टन झाला.

पुढे वेस्लीचं जुनं रूप वेलस्ली पुन्हा वापरात आलं. आर्थरच्या पत्रांत हा बदल १७९८ मध्ये, तो हिंदुस्थानात असताना दिसतो. विल्यमला १७८१ मध्ये पोल नावाच्या नातेवाइकाची इस्टेट मिळाली, तो झाला वेलस्ली-पोल. त्याच्या मुलानं श्रीमंत बायको केली आणि तो झाला पोल-टिलनी-लाँग-वेलस्ली. चार आडनावं. सही करायलाच दुपार जात असेल.

हा चार आडनावांचा माणूस म्हणजे चौथा अर्ल? त्याच्याबद्दल एवढं वाईट का लिहिलं जातं?

कारण तो होताच तसा. १८१२ मध्ये त्यानं कॅथरीन टिलनी-लाँगशी लग्न केलं. त्या काळी इंग्लंडमधल्या सगळ्यात श्रीमंत वारसदार मुलींत तिची गणना होई. तिच्याबरोबर लंडनजवळचा वॉनस्टेड हाउस हा राजवाड्यासारखा वाडा आला. दहा वर्षांत यानं जुगार, मेजवान्या आणि बायका यांत इतकं उडवलं की १८२२ मध्ये वाड्यातलं सामान लिलावात निघालं. आठवड्यांमागून आठवडे लिलाव चालला: चित्रं, गालिचे, पुतळे, स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा. मग वाडाच दगडविटांच्या भावानं पाडायला दिला. आज तिथे गोल्फचं मैदान आहे आणि त्यात एक मोठा खोलगट भाग दिसतो. तो वाड्याचा पाया.

कॅथरीन १८२५ मध्ये वारली. बापाच्या हाती मुलं देऊ नयेत म्हणून तिच्या बहिणी आणि खुद्द ड्यूक ऑफ वेलिंग्टन उभे राहिले, आणि १८२७ मध्ये लॉर्ड चॅन्सेलरनं मुलांचा ताबा बापाकडून काढून घेतला. बापाचा मुलांवरचा हक्क तेव्हा जवळजवळ पवित्र मानला जाई. त्यामुळे हा निकाल कायद्याच्या पुस्तकांत पुढेही राहिला.

इतकं सगळं होऊनही १८४५ मध्ये विल्यम वारल्यावर हाच माणूस मॉर्निंग्टनचा चौथा अर्ल झाला. कोणी अडवू शकलं नाही, कारण अडवायला सनदेत जागाच नाही. ज्याच्याकडे मुलं सांभाळायची लायकी नाही असं कोर्ट म्हणतं, त्याच्याकडे अर्लपण आपोआप जातं. १८५७ मध्ये लंडनमध्ये भाड्याच्या खोल्यांत तो वारला.

मग किताब वेलिंग्टनच्या ड्यूककडे कसा आला?

पाचवा अर्ल, म्हणजे त्या उधळ्याचा मुलगा, १८६३ मध्ये लग्नाविनाच वारला. विल्यमची पाती संपली. पाळी आली तिसऱ्या भावाच्या, आर्थरच्या पातीची. आर्थर गेलेला, पण त्याचा मुलगा, दुसरा ड्यूक, हयात होता. तो सहावा अर्ल झाला. तेव्हापासून अर्लपण ड्यूकपणाच्या पोटात आहे.

इथे एक बारकावा बघण्यासारखा आहे. पाचव्या अर्लकडे आईकडून आलेली विल्टशरमधली ड्रेकटची जमीन शिल्लक होती. ती त्यानं ड्यूकला दिली नाही. मृत्युपत्रानं दिली आजोबा विल्यम यांच्या सगळ्यात धाकट्या भावाच्या, म्हणजे हेन्रीच्या मुलाला, अर्ल काउलीला. किताब एकीकडे, जमीन दुसरीकडे. जमीन कोणाला द्यायची हे मरणारा ठरवतो. किताबाचं ठरवणारा शंभर वर्षांपूर्वीच मेलेला असतो.

मुलींना काहीच नाही का?

या सनदेत नाही. पण सगळ्या सनदा सारख्या नसतात, आणि याच घराण्यात त्याचा पुरावा आहे. सहावा ड्यूक सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत सालेर्नोला लढताना मारला गेला. वय ३१, लग्न झालेलं नव्हतं. ब्रिटिश आणि आयरिश किताब काकाकडे गेले. पण पहिल्या ड्यूकला स्पेनच्या राजानंही 'स्यूदाद रोद्रिगोचा ड्यूक' केलं होतं, आणि स्पेनच्या नियमात भाऊ नसेल तर बहीण चालते. तो किताब मृत ड्यूकच्या बहिणीकडे गेला. १९४९ मध्ये तिनं तो काकाला सोडून दिला, म्हणून आज सगळे एकत्र दिसतात.

इंग्रज येण्याआधी आयर्लंडमध्ये हीच पद्धत होती?

मुळीच नाही. गेलिक आयर्लंडमध्ये सरदाराचा थोरला मुलगाच वारस असं नव्हतं. एका पणजोबाचे सगळे पुरुष वंशज मिळून भाऊबंदकीची एक मंडळी धरली जाई, आणि त्यातला कर्ता माणूस सरदाराच्या हयातीतच वारस म्हणून नेमत. भांडणं व्हायची, खूनही पडायचे, पण निदान नालायकाला वगळायची सोय होती. आठव्या हेन्रीनं १५४० च्या दशकात या सरदारांना सांगितलं: तुमची जमीन मला शरण द्या, मी ती सनदेनं परत देतो. मरो ओब्रायननं १५४३ मध्ये हे मान्य केलं आणि तो थोमंडचा अर्ल झाला. त्या सनदेत जुनी पद्धत अजून डोकावते: अर्लपण मरोच्या मुलाला जाणार नव्हतं, ठरलेला वारस म्हणून पुतण्याला जाणार होतं. मुलांसाठी वेगळं इंचिक्विनचं बॅरनपद दिलं. ते आजही ओब्रायनांकडे आहे.

आज एखाद्याला आयरिश किताबावर हक्क सांगायचा असेल तर?

२००४ पासून लंडनमध्ये सरदारांची एक अधिकृत यादी ठेवली जाते. तीत नाव नसेल तर सरकारी कागदावर किताब लागत नाही. त्यासाठी जन्म, लग्न, मृत्यू यांचे दाखले जोडून साखळी सिद्ध करावी लागते. अवघड भाग तो नाहीच. आपल्या वरच्या पातीत कोणी उरलेलं नाही, हे सिद्ध करणं अवघड. एखादा चुलतभाऊ दीडशे वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथे त्याला मुलगा झाला नाही, याचा दाखला आणायचा कुठून?

त्यात आयर्लंडची आणखी एक पंचाईत. ३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं सरकारी दफ्तर स्फोटात आणि आगीत गेलं. जळक्या कागदांचे तुकडे शहरभर उडाले. जुनी मृत्युपत्रं, चर्चच्या नोंदींची शेकडो पुस्तकं, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जनगणना, बहुतेक सगळं नाहीसं झालं.

नको असेल तर किताब सोडता येतो?

१९६३ च्या कायद्यानं ब्रिटिश किताब हयातीपुरता सोडता येतो. आयरिश किताबाचा त्यात समावेश नाही. हक्क न सांगता गप्प बसता येतं, एवढंच.

आयर्लंडचं सरकार हे किताब मानतं?

तिथल्या १९३७ च्या राज्यघटनेप्रमाणे राज्य कोणालाही सरदारकी देत नाही, आणि नागरिकाला सरकारच्या परवानगीशिवाय ती घेता येत नाही. कोणी गावात कोणाला 'लॉर्ड' म्हटलं तर सरकार आड येत नाही, पण त्याला अर्थही नाही.

शेवटचा आयरिश किताब कोणाला मिळाला?

हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ऐकून नेहमी धक्का बसतो. लॉर्ड कर्झनला. बंगालच्या फाळणीचा तोच. १८९८ मध्ये व्हाइसरॉय नेमताना त्याला आयरिश बॅरन केलं, कारण आयरिश सरदाराला परत येऊन हाउस ऑफ कॉमन्सची निवडणूक लढवता येत असे. ब्रिटिश सरदाराला ती वाट बंद होती. ज्या किताबाला वेलस्लीनं बटाटा म्हटलं, तो शंभर वर्षांनी कर्झननं सोयीचा म्हणून घेतला. आणि गंमत म्हणजे कॉमन्समध्ये तो परत गेलाच नाही. १९०८ मध्ये त्या २८ आयरिश सरदारांपैकी एक म्हणून लॉर्ड्समध्ये जाऊन बसला. १९२५ मध्ये मुलगा नसताना वारला आणि तो आयरिश किताब संपला.

आज मॉर्निंग्टनचा अर्ल कोण?

कायद्यानं नववा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, जो २०१४ च्या शेवटच्या दिवशी गादीवर आला. पण कोणी विचारलं तर घरातले लोक बोट दाखवतील त्याच्या नातवाकडे. ड्यूकचा थोरला मुलगा शिष्टाचार म्हणून बापाचा दुसरा किताब वापरतो, मार्क्वेस ऑफ डूरो. आणि त्याचा थोरला मुलगा 'अर्ल ऑफ मॉर्निंग्टन' म्हणवतो. हे उसने किताब. खरा मालक आजोबाच.

या जागा बघता येतात?

मॉर्निंग्टन हे बॉइन नदीच्या मुखावरचं गाव आहे, अर्लांचा तिथे वाडा नाही. डँगनची इस्टेट रिचर्डनं हिंदुस्थानात येण्याआधीच विकली होती, वाडा पुढे आगीत गेला. समरहिलजवळच्या शेतांत त्याच्या भिंती उभ्या आहेत. ट्रिममध्ये, जिथून आर्थर तरुणपणी डब्लिनच्या संसदेत निवडून गेला, त्याचा स्तंभ आहे. आणि डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधला त्याचा प्रचंड चौकोनी स्तंभ तर चुकवूनही चुकत नाही. त्याच्या पायथ्याशी वॉटर्लूला पकडलेल्या तोफांच्या धातूत ओतलेले देखावे आहेत. त्यातला एक भारतातल्या लढायांचा आहे. तिथे जाल तेव्हा उन्हाचे जा. पावसात तो काळा पडतो आणि आकृत्या ओळखू येत नाहीत.